सहाव्या फुटाची गाठ

तारकपूर स्टँडवरून नेवाशाची गाडी सुटली तेव्हा पिशवी मी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली होती. पिशवीत मुलीने मला दिलेला साधा डिजिटल कॅमेरा होता आणि त्याला लावलेलं मालकांचं भिंग. मालक म्हणजे माझे यजमान. नगरला त्यांचा फोटो स्टुडिओ होता, तिथेच मीही फोटो काढायला शिकले. ते जाऊन तीन वर्षं झाली.

कॅमेऱ्याचं स्वतःचं भिंग अडकून बसलं होतं, म्हणून मुलीने ऑनलाइन एक कडं मागवलं. कडं म्हणजे धातूची गोल चकती. एका बाजूने ती कॅमेऱ्यात बसते, दुसऱ्या बाजूने जुनं भिंग फिरवून घट्ट करायचं. कॅमेरा त्या भिंगाला ओळखत नाही. भिंगाचा आकडा दिसायचा तिथे दोन शून्यं दाखवतो. आपोआप काही होत नाही, सगळं हाताने करायचं. पण ते भिंग मोठं उघडतं. दारातून आलेला एवढासा उजेडही त्याला पुरतो. म्हणूनच ते घेऊन निघाले होते.

निघाले होते थोरलीकडे. थोरली म्हणजे मालकांची पहिली बायको, माझी सवत. तिला मूल झालं नाही म्हणून त्यांनी मला आणलं. मी आल्यावर ती चार महिने नगरला राहिली, मग घोडेगावच्या पुढे भावाच्या वस्तीवर गेली ती गेलीच. छत्तीस वर्षांत आम्ही चारदा भेटलो असू, तेही कुणाच्या तरी मातीला (अंत्यविधीला). आता तिच्या भाच्याच्या बायकोचा, लताचा फोन आला होता. थोरली पडली, खुब्याचं हाड मोडलं, या वयात ऑपरेशन सोसणार नाही म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. जेवण सुटत चाललं आहे. आणि ती एकच सांगते आहे, धाकटीला म्हणावं त्यांची काच (भिंग) घेऊन ये, माझा फोटो काढ.

गाडी बाजारकरूंनी भरली होती. घोडेगावचा जनावरांचा बाजार होता त्या दिवशी. शेजारी एक म्हातारबा बसले. त्यांच्या हातात नवंकोरं दावं (जनावर बांधायचा दोर) होतं.

"पिशवीत लेकरू हाय का वं बाई?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. मला परक्या माणसाशी पटकन बोलता येत नाही. मग तेच सांगत बसले. म्हैस टेम्पोत घालून पुढे पाठवली होती, आज ती विकायची होती. गिऱ्हाइकाला म्हशीबरोबर हे नवं दावं द्यायचं.

"आन् जुनं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"जुनं घरी. म्हैस जाती, दावं ऱ्हातं. दिऊ नाई."

इमामपूरच्या घाटात मी कॅमेरा बाहेर काढला. पौषाचे दिवस होते, आभाळ भरलेलं, डोंगर राखेच्या रंगाचे. भिंगावर फुटांचे आकडे कोरलेले आहेत आणि सगळ्यात शेवटी आडवा आठ आहे. तिथपर्यंत भिंग फिरवलं की लांबचं लख्ख दिसायला हवं. दिसेना. वाटलं, गाडी हलते आहे आणि खिडकीची काच मळकी आहे. घोडेगावला उतरल्यावर एका जागी उभी राहून पुन्हा पाहिलं. पाण्याची टाकी, त्यामागची झाडं, सगळं मऊ, पाण्यात पाहिल्यासारखं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू धरतो आहे असं डॉक्टर म्हणाले होते. मी दोष डोळ्यांवर टाकला आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

बाजारात धूळ आणि शेणाचा वास. टेम्पोतून उतरताना एक म्हैस फळीवरून घसरली, पुढचे पाय दुमडून तशीच बसून राहिली. लोक तिच्याभोवती उभे राहून तिचे दात मोजत होते. चहा घेतला. काळीपिवळीने (वाटेत माणसं घेत जाणारी जीप) फाट्यापर्यंत गेले आणि तिथून उसाच्या कडेने चालत वस्ती गाठली.

लता दारातच होती. वीज नाही म्हणाली, डीपी (वस्तीला वीज देणारं रोहित्र) जळून चार दिवस झाले. थोरलीची खोली पत्र्याची, खिडकी नाही. जो काही उजेड होता तो दारातून येणारा, आणि तोही ढगाळ. डोळे सरावल्यावर मला खाट दिसली, वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) दिसली आणि मग ती दिसली. अर्धीसुद्धा उरली नव्हती.

मी पाया पडले. "लई वाळलीस गं धाकटे," ती मला म्हणाली. "काच आनली?"

आणली म्हटलं. जरा उजेडात घेऊ या, खाट ओट्यावर काढू, असं मी लताला सुचवलं. दोघींनी पायथ्याची बाजू वीतभर उचलली असेल, तोच थोरलीच्या घशातून असा आवाज निघाला की आम्ही खाट खाली ठेवली. लताने मोबाईलचा उजेड तिच्या तोंडावर धरला, तर तिने डोळे गच्च मिटले.

"बंद कर ती बत्ती," थोरली म्हणाली. मग दम घेत मला सांगू लागली. "तीनदा काढला त्यांनी माझा फोटो. तिन्ही येळा फ्लॅश पडला का माझं डोळं मिटायचं. म्हनले, तू मेल्यावानी दिसती, जाऊ दे. तवापून न्हाई काढला. आधार कार्डावर बी तसंच. आता भिंतीवर डोळं मिटल्याली नको बघ मला. आलं-गेलं म्हनंल, हिनं जन्मात काय बघितलंच न्हाई."

लता तोंडाला पदर लावून हसली. थोरलीही हसली आणि खुब्यात कळ आली म्हणून थांबली.

उंबऱ्याच्या आत पाटावर धान्याचा डबा ठेवून त्यावर मी कॅमेरा टेकवला. भिंग पूर्ण उघडलं. डोळा लावला तर आत काळोखच. तिच्या डोक्यावरच्या पदराचा काठ तेवढा पांढरा होता. तो काठ नीट दिसेपर्यंत भिंग फिरवत गेले. आकडा आठ फुटांवर आला. अंदाज घ्यायला एक फोटो काढून पाहिला. ती डोळे मिटून पडली होती, कळ जिरवत. पडद्यावर चित्र उमटलं म्हणजे उजेड पुरतो आहे, एवढं मला कळलं.

मग मी दोरी काढली. ती भिंगाच्या डबीतच असते, मेण लावलेला दोरा, पिवळा पडलेला, फुटाफुटावर गाठ. अंधारात नजर चालत नाही तेव्हा तिचं एक टोक कॅमेऱ्याला बांधायचं, दुसरं माणसाच्या नाकापर्यंत ताणायचं, गाठी मोजायच्या आणि तेवढ्या आकड्यावर भिंग लावायचं. स्टुडिओत दिवे होते, त्यामुळे मला तिची गरज कधी पडली नव्हती. मालकांनी मला ती दाखवली होती. मी समजत होते गाठी त्यांनीच मारल्या.

थोरलीने दोरी हातात घेतली आणि बोटांनी चाचपली.

"ह्या माझ्या गाठी हायेत," ती म्हणाली. "तुला न्हाई सांगितलं त्यांनी? आमी गावोगाव फिरायचो. बाळंतिणीची खोली, दुखणेकरी, मढं बी. समदी अंधारातली कामं. त्यांना दिसायचं न्हाई आन् मला आकडं वाचता यायचं न्हाई. मग मी गाठी मारल्या. मी नाकाला दोरी लावायची आन् वरडायची, पाच, सहा. एक फोटो वाया न्हाई गेला."

तिने स्वतः दोरीचं टोक नाकाला लावलं.

"किती?" तिने विचारलं.

"सहा," मी गाठी मोजून म्हणाले.

"मग सहाच. माझी गाठ चुकायची न्हाई."

भिंग आठावर होतं. मी ते सहावर आणलं आणि आतून पाहिलं. काठ विरघळला. माझा डोळा म्हणत होता आठ, तिची दोरी म्हणत होती सहा. क्षणभर हात अडला. पण माझा डोळा तर घाटातले डोंगरही नीट पाहत नव्हता. आणि खरं लिहायचं तर कारण एवढंच नव्हतं. तिचं घर मी घेतलं, तिचा माणूस घेतला. आता तिच्या समोर बसून तिची गाठ खोटी आहे असं म्हणण्याचं माझं धाडस झालं नाही. भिंग सहावर ठेवलं.

तिने बरा गुडघा उभा केला, हात त्यावर टेकवला. सहावी गाठ अजून चिमटीतच होती. "काढ," म्हणाली. मी श्वास धरून पाच फोटो काढले. ती इतके डोळे ताणून बघत राहिली की त्यांतून पाणी आलं, पण पापणी हलली नाही. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर सगळं छान दिसलं.

"आत्या, डोळं उघडं हायेत बगा," लता म्हणाली.

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"उघडे आहेत," मी म्हणाले.

"मग झालं." तिने दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली.

लताने शेंगोळं (हुलग्याच्या पिठाचे वळलेले तुकडे रश्शात शिजवतात) केलं होतं. थोरलीने माझ्या हातून तीन घास खाल्ले. चौथ्याला तोंड फिरवलं. दिवस मावळायच्या आत मी फाट्यावर पोहोचले, आणि येताना सगळी वाट मला बरं वाटत होतं. हे लिहिताना त्याची लाज वाटते.

चौथ्या दिवशी मोठी प्रत काढायला फोटोच्या दुकानात गेले. तिथल्या मोठ्या पडद्यावर पाचही फोटो पाहिले. डोळे उघडे होते, पण चेहरा धुक्यात गेल्यासारखा. गुडघ्यावरचा हात मात्र स्पष्ट. नखं, शिरा, मनगटावरचं गोंदण, चिमटीतली गाठ आणि गाठीचा सुटलेला धागासुद्धा. मग दुकानदाराने मागचा, अंदाजाचा फोटो उघडला. त्यात तिच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका चेहरा लख्ख होता. डोळे मिटलेले.

घरी येऊन मी भिंत, टेप आणि कॅमेरा घेऊन बसले. भिंग सहावर लावलं की पाच फुटांच्याही अलीकडचं स्पष्ट येत होतं. थोरलीची दोरी बरोबर होती. मालकांच्या कॅमेऱ्यावर ती कधीच चुकली नसणार. हे नवं कडं जाड होतं, केसभर जाड, भिंग तेवढं पुढे सरकलं आणि त्याने भिंगावरचे सगळे आकडे खोटे झाले होते. डोंगर त्यामुळेच दिसले नव्हते. माझा डोळाही बरोबर होता.

पुन्हा जायचं ठरवलं. पिशवी भरून ठेवली. निघायच्या दिवशी सकाळी लताचा फोन आला.

दहाव्यासाठी भाच्याला फोटो हवा होता. माझ्याकडे दोन तऱ्हेचे होते. मी उघड्या डोळ्यांचा पाठवला. संध्याकाळी त्याने विचारलं, "मावशी, आत्या लई पुसट दिसत्यात. दुसरा नीट आल्याला न्हाई का?"

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. तेव्हा आलं.

"नाही," मी म्हणाले. "एवढाच आहे."

दहाव्याला त्याच वाटेने गेले. बाजार नव्हता, घोडेगावचं मैदान मोकळं पडलं होतं. भिंतीवर ती हार घालून टांगलेली होती. चेहऱ्याच्या जागी उजेड-अंधार, त्यात दोन काळे, उघडे डोळे, कोण आहे ते सांगावं लागेल असे. खाली तो हात. आलेल्या एका बाईने लताला विचारलं, हातात काय धरलंय हिनं? दोरी, लता म्हणाली. बाई त्या डोळ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बघती मात्र हाय."

रात्री घरी आल्यावर कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'दोरी सहा, भिंग आठ', आणि तो कागद डबीत ठेवला. दोरीही ठेवली. गाठी हलवल्या नाहीत.