हौदाचं मीठ

आमच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावाला सासूबाई हौद म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. जेमतेम चार म्हशी उभ्या राहतील एवढी त्याची लांबी आणि नवऱ्याच्या छातीइतकी खोली. तो हौसेसाठी बांधलेला नाही. बिबवेवाडीच्या उतारावर मोटारसायकल घसरली, नवऱ्याच्या मणक्याला मार बसला, शस्त्रक्रिया झाली, आणि कमरेखालचं शरीर त्याचं असून नसल्यासारखं झालं. जमिनीवर तो वॉकर धरून दोन पावलं टाकतो आणि घामाघूम होतो. पाण्यात मात्र चालतो. डॉक्टर म्हणाले, हे वर्ष महत्त्वाचं. पायांत जे परत यायचं ते आता येईल, रोज पाण्यात उतरवा. सार्वजनिक तलावावर त्याला नेणं-आणणं जमेना, म्हणून सासऱ्यांच्या शेतातला घरामागे उरलेला तुकडा कामी आला.

डॉक्टरांनी एक धाकही घातला होता. महिनोन्महिने पाठीवर पडून त्याच्या माकडहाडापाशी जखम झाली होती. ती नुकती कुठे भरली होती आणि वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती. तिथे त्याला काही कळत नाही. चटका नाही, ओरखडा नाही, काहीच नाही. ती जखम पुन्हा उघडली किंवा घाण पाण्याने चिघळली तर पाणी बंद, आणि पाणी बंद म्हणजे हे वर्ष गेलं. त्यामुळे तो उतरायच्या आधी पाणी बघायचं आणि वर आल्यावर त्याची पाठ बघायची, ही दोन्ही कामं मी माझ्याकडे घेतली होती.

तलाव खाऱ्या पाण्याचा. पाण्यात मीठ टाकायचं, पंपाशेजारच्या यंत्रातून ते पाणी फिरतं, आणि यंत्र त्याच मिठापासून क्लोरीन तयार करून पाणी स्वच्छ ठेवतं. मीठ किती आहे तेही यंत्रच मोजतं आणि आकडा दाखवतं. आकडा उतरला की लाल दिवा लागतो आणि क्लोरीन बनणं थांबतं. पावसाळ्यात टँकर मागवून महापालिकेच्या पाण्याने आम्ही तलाव भरला, हिवाळा सुरळीत गेला. मार्चमध्ये लाल दिवा लागला.

यंत्र बसवून देणाऱ्या माणसाला फोन केला. "मॅडम, लो सॉल्ट दाखवतंय ना? मग सॉल्ट ॲड करा." एवढं ज्ञान मला फोनशिवायही होतं. आम्ही गोण आणून ओतली. आकडा थोडा वर गेला, दिवा विझला, आणि आठवड्याभरात पुन्हा लागला. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा गोण. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. चुका काढणं हा माझा धंदा आहे, आणि सासूबाईंच्या मते स्वभावही. टाकलेलं मीठ जाणार कुठे? उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. तलाव गळत असता तर पाणी खाली गेलं असतं, आणि मला तर एवढ्या उन्हातही पातळी जागच्या जागी दिसत होती. ती तशी का राहते, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

नवऱ्याला शंका-कुशंका नको होत्या. पाणी हिरवट दिसायला लागलं तशी मी त्याला म्हटलं, "आजपासून उतरू नकोस. यंत्र बंद आहे."

"यंत्र बंद म्हणून मीपण बंद? आणखी एक गोण टाक ना."

"आकडा खोटा असेल तर?"

"तुला सगळंच खोटं वाटतं," तो म्हणाला आणि खुर्चीत बसल्या बसल्याच गोणीची शिवण दातांनी उसवायला लागला. मला इतका राग आला की मी आत निघून गेले. मागून मीठ पाण्यात पडल्याचा आवाज आला. दिवा विझला. मी हातानेच थोडं क्लोरीन टाकलं, पाणी निवळलं, आणि दोन दिवस थांबून तो पुन्हा उतरला.

त्या सकाळी वर आल्यावर मी त्याची पाठ पुसत होते, तर टॉवेलला रक्त लागलं.

तो म्हणाला, "काय झालं? का थांबलीस?" माझा हात थांबलेला त्याला कळला होता, रक्त आलेलं कळलं नव्हतं. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि उत्तर येईपर्यंत फोनकडे बघत बसले. तो टॉवेल मला धुवायलाही टाकता येईना, इतकी मी घाबरले होते. डॉक्टर येऊन पाहून गेले. वरचंच साल निघालंय, नशीब समजा, म्हणाले. पण पूर्ण भरेपर्यंत पाणी बंद. नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं, आणि जेवायलाही ते इकडे वळलं नाही.

मी बाटलीत तलावाचं पाणी भरलं आणि स्वारगेटजवळ तलावाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने पाणी तपासलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, यात कैऱ्या कधी टाकणार आहात?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं यंत्र दाखवतंय त्याच्या दुप्पट मीठ आहे यात. आणि चुना विचारू नका. बोअरचं पाणी भरलंय का?"

"नाही. महापालिकेचं."

"बरं. महापालिका हल्ली चुना वाटते म्हणायची." मग जरा बऱ्या सुरात त्यांनी समजावलं. यंत्रातल्या धातूच्या पट्ट्यांवर चुना बसला की वीज नीट वाहत नाही, आणि यंत्राला वाटतं मीठच कमी आहे. पट्ट्या साफ करा, निम्मं पाणी काढून चांगलं पाणी भरा, आणि आधी हा चुना कुठून येतो ते शोधा.

घरी येऊन यंत्र उघडलं. पट्ट्या पांढऱ्या पुटाने बुजल्या होत्या. मग एकदम सुचलं म्हणून मी पाण्यात उतरून पायरीवरून हात फिरवला. नवरा याच पायरीवर बसून, मग सरकत सरकत पाण्यात उतरायचा. फरशी मूळची गुळगुळीत होती. आता तिच्यावर चुन्याची खरखर होती, पॉलिश पेपरसारखी. माझ्या तळहाताला ती बोचली. त्याला ती रोज सोलत होती आणि कळत नव्हती.

चुना कुठून येत होता ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. घरात वापरायला आम्हाला बोअरचं जड पाणी, म्हणून स्वयंपाकघरात प्युरिफायर. तो जेवढं पाणी प्यायला देतो त्याहून जास्त नळीतून बाहेर टाकतो, आणि बोअरमधला सगळा चुना त्या टाकलेल्या पाण्यात उतरतो. पुण्यात कितीतरी घरांत त्या नळीखाली बादली असते. कुणी त्यात भांडी विसळतं, कुणी फरशी पुसतं. आमच्या बादल्यांचं काय होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. सासूबाई दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन मागच्या पायऱ्या उतरल्या, एक गुडघा दुखतो म्हणून प्रत्येक पायरीवर थांबल्या, आणि दोन्ही बादल्या हळूच तलावात रित्या केल्या.

"आई, हे कधीपासून करताय?"

"हौद झाला तवापासून. ऊन किती पितंय बघ की त्याला. कमी झाला मंजी त्यो चालंल कशात?" मग माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "काय झालं गं?"

मी सांगितलं. नळीतलं पाणी, चुना, यंत्राचा खोटा आकडा, पायरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "मंजी त्याला माझ्यामुळं लागलं?"

दुसरी कुणी सून असती तर म्हणाली असती, नाही हो आई, तसं काही नाही. माझ्या तोंडून "हो" गेलं. ते परत घ्यावंसं वाटलं, पण घेऊन काय सांगणार होते?

त्या रडल्या नाहीत. रिकाम्या बादल्या तिथेच ठेवून त्या माझ्या नवऱ्याच्या खोलीत गेल्या. मी दारात थांबले. "पोरा," त्या म्हणाल्या, "तुझं पानी मी बिघडवलं. नळीचं वतत व्हते. मला वाटलं, भर पडंल." आता याचा स्फोट होणार, असं मला वाटलं. त्याने भिंतीकडचं तोंड वळवलं. "तू दोन बादल्या घेऊन त्या पायऱ्या उतरायचीस? रोज? त्या गुडघ्यावर?" आणि अपघातानंतर पहिल्यांदा तो मोठ्याने रडला. इतके दिवस मी त्याची पाठ, यंत्राचा आकडा, पाण्याचा रंग एवढंच बघत होते. त्याच्यात एवढं साठलं असेल हे मला माहीत नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

ती जखम पुढे भरली आणि तो पुन्हा पाण्यात उतरायला लागला. पायरीवरची खरखर घासून काढली, आणि पट्ट्या साफ केल्यावर यंत्राचा आणि दुकानदाराचा आकडा जवळपास जुळला. पण तो उतरायच्या आधी निम्मा तलाव उपसायचा होता, आणि शहरात पाणीकपात चालू होती. सासूबाईंनी विचारलं, "झाडांना घालू?" खाऱ्या पाण्याने झाडं जळतील, मी म्हटलं. "गुरांना?" गुरं आता आहेत कुठे? "मग सोड," त्या म्हणाल्या. पंपाचं बटण मात्र त्यांनी मला दाबू दिलं नाही, स्वतः दाबलं.

पाइपातून पाणी रस्त्याकडेच्या गटारात पडायला लागलं. समोरच्या इमारतीतल्या काकू गॅलरीत आल्या. "अहो, आमच्याकडे दिवसाआड पाणी येतंय, आणि तुमचं बरं चाललंय. सोडा, सोडा, धरण आपलंच आहे."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं. "सोडतोय बाई," त्या वर बघत म्हणाल्या. "माझ्याच हातानं घातलेलं हाय. लेकाला सोसंना."

काकू आत गेल्या. आम्ही दोघी फाटकापाशी पाण्याकडे बघत उभ्या राहिलो. ज्या बाईने आयुष्यात तांदळाचं धुवणसुद्धा फेकलं नाही, तिच्यासमोरून तेवढं पाणी चाललं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वाकून नमस्कार करण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता. मी त्यांचा हात धरला. बोटांच्या मुळाशी बादल्यांच्या कड्यांचे घट्टे पडले होते.

"त्यो चालंल ना गं? भुईवर?"

"माहीत नाही, आई."

"मलाबी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.