पूर्ण उंचीने

शाळेपासून तिला सगळे शिडी म्हणायचे. उंचीच तशी होती. घरात पंख्याची पाती पुसायची असोत की माळ्यावरची पेटी उतरवायची असो, हाक तिलाच. आई घरीच शिवणकाम करायची. "तुला कापड पुरवता पुरवता माझं मशीन म्हातारं झालं," म्हणून ती वैतागायची आणि तरीही तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या दुमडीत चार बोटं कापड जास्तच ठेवायची.

अशा या मुलीला नाचाचं वेड लागलं. गल्लीच्या टोकाला एक बाई नाच शिकवायच्या. हिचे हात ठेक्याला कधीच वेळेवर पोहोचत नसत, म्हणून बाकीच्या मुली खुदुखुदु हसायच्या. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, तुझ्या हातांना लांबचा प्रवास आहे. इतरांच्या जरा आधी निघ, म्हणजे वेळेवर पोहोचशील." तेव्हापासून शिडी इतरांच्या आधी निघायला शिकली. तिच्या नाचात एक वेगळीच ओढ आली.

मोठी झाल्यावर ती एका रुग्णालयाच्या धुलाईघरात लागली. गरम चादरी यंत्रातून निघायच्या आणि त्यांची घडी घालायला दोन माणसं लागायची. तिच्या समोर असायच्या मावशी. नात्यातल्या नव्हेत, पण सगळ्यांच्याच मावशी. हिच्या हाताला हात मिळवायला त्या बिचाऱ्या लाकडी पाटावर उभ्या राहायच्या. सुट्टी मिळेल तेव्हा शिडी ऑडिशनला जायची आणि दुसऱ्या दिवशी पाटावरून मावशींचा प्रश्न यायचा, "काय म्हणाले?"

"म्हणाले, नाच छान आहे, पण रांगेत खटकता."

"नाच बघतात मेले, की पडद्याचं माप घेतात?"

कुठे तिला खेळाच्या मैदानावर जायचा सल्ला मिळाला, कुठे एका परीक्षकाने नुसतीच मान वर करून शीळ घातली. किती दिवस ऐकून घेणार? शेवटी एका मोठ्या नृत्यसंस्थेच्या ऑडिशनला तिने वेगळंच केलं. गुडघे किंचित वाकवले, मान खांद्यांत ओढली, हात कोपराशीच थांबवले. ती रांगेत बरोबर बसली आणि तिची निवड झाली.

घरात आनंदीआनंद. आईने आल्यागेल्याला सांगितलं, मामाने पेढ्यांऐवजी सगळ्यांना भाचीचं कौतुक वाटलं. तालमीत मात्र संस्थेचे सर रोज ओरडायचे, "खाली! अजून खाली!" संध्याकाळी गुडघे सुजायचे. जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी घ्यायची. पण रंगमंच मिळाला होता ना, मग तिने तक्रार केली नाही.

पहिल्या प्रयोगाला आई नवी साडी नेसून आली. प्रयोग संपल्यावर मागच्या दाराशी भेटली तेव्हा तिचा चेहरा गोंधळलेला होता.

"तुला बरं नव्हतं का गं?"

"का? मी होते की! दुसऱ्या रांगेत."

"होतीस?" आई ओशाळली. "मी डोळे फाडफाडून शोधलं. मला दिसलीच नाहीस."

शेजारी उभ्या असलेल्या सरांना ही शाबासकीच वाटली. "बघा, कशी मिसळून गेली!" ते म्हणाले. शिडीला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. जन्म दिलेल्या बाईला आपली पोर ओळखू येऊ नये, इतकं काय काय आपण गिळून टाकलं होतं? त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या तालमीत संगीत सुरू झालं आणि ती सरळ उभी राहून नाचली. पूर्ण उंचीने, हात पूर्ण उघडून. सरांनी संगीत थांबवलं.

"हे काय चाललंय?"

"नाच, सर."

"खाली हो."

"नाही होणार. मला ठेवायचं तर सगळीच्या सगळी ठेवा."

"बाहेर तुझ्यासारख्या खूप उभ्या आहेत."

"माझ्यासारख्या नसतील, सर. नाहीतर तुम्ही मला वाकवलं नसतं."

तिने बॅग उचलली आणि ती बाहेर पडली. मामा भडकला, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलीस!" मावशींनी ऐकलं आणि चादर इतक्या जोरात झटकली की वाफेचा ढग उठला. "बरं केलंस," एवढंच म्हणाल्या.

पुन्हा नकार सुरू झाले. आता ती दारातच सांगायची, "मी वाकणार नाही." एका ठिकाणी परीक्षक म्हणाला, "मग आलात कशाला?"

"नाचायला. ही वेळ मला दिलेली आहे." आणि तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असताना तिने आपला नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत केला, नमस्कार केला, मगच निघाली.

काही काळाने त्याच सरांचा फोन आला. आवाजात साखर. "तुझ्यासाठी खास भूमिका आहे. राक्षसीण. दारातून येताना कपाळ आपटायचं, लोक खो खो हसतील."

"आणि नाच?"

"नाच नाही गं, नुसतं आपटायचं."

"मग तुम्हीच आपटा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंतरही पश्चात्ताप झाला नाही.

मग एका जुन्या गोदामात तालीम करणाऱ्या दोघी बहिणींच्या छोट्या संचाची ऑडिशन आली. नाचता नाचता तिचा हात वर गेला आणि टांगलेल्या बल्बवर आदळला. बल्ब गरगर झुलायला लागला. ती थांबली. आता काय ऐकावं लागणार, ते तिला पाठ होतं.

थोरली बहीण वर बघून धाकटीला म्हणाली, "बल्ब वर बांधायला हवा गं." मग हिच्याकडे वळून, "तुम्ही का थांबलात? चालू द्या."

ती नाचत राहिली. डोळे भरले होते, पण ठेका चुकला नाही.

आज ती त्या संचात मधोमध नाचते. संच छोटा, काम वर्षातले काही महिनेच, म्हणून धुलाईघर सुटलेलं नाही. गुडघे अजून कुरकुरतात. मोठ्या संस्थांच्या ऑडिशनलाही ती जातेच. परवाच एकीकडून नकार घेऊन आली, तशी मावशींनी पाटावर चढत विचारलं, "काय म्हणाले?"

"तेच. रांगेत खटकते."

"मग आता?"

"मग काय! सोमवारी दुसरीकडे आहे," ती म्हणाली. "त्यांनाही खटकू दे."