करपलेलं मेतकूट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. देवावर सणावारापुरता आहे. आणि नवऱ्यावर तर लग्नानंतरची पहिली दहा वर्षं अजिबात नव्हता... तेव्हा खालचं सगळं एका पक्क्या संशयी बाईनं लिहिलंय असं समजून वाचा. टाइप नात करतेय. तिचं मराठी कोलकात्याचं, त्यामुळे चुका तिच्या आणि बढाया माझ्या.

आम्ही सॉल्ट लेकला राहतो. पाण्याच्या टाकीजवळ, दुसरा मजला, गॅलरीसमोर गुलमोहर. आमचे हे, म्हणजे मनोहर, खिदिरपूरच्या गोदीत जहाजांच्या एका खासगी कंपनीत होते. खासगी म्हणजे पेन्शन नाही. शेजारचे बॅनर्जीबाबू सरकारी. लॉकडाऊनमध्ये सगळं जग ठप्प झालं, पण एक तारखेला बॅनर्जींच्या मोबाइलवर पेन्शनचा मेसेज ‘टिंग’ करून यायचा आणि तो आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. त्या टिंगवर मी जितकी जळले तितकी कुणाच्या हिऱ्याच्या कुड्यांवरही जळले नसेन. जळणं हा माझा पहिल्यापासून हातखंडा विषय.

मुलाचं, अजितचं, सेक्टर फाइव्हमधल्या दोन ऑफिसांना दुपारचं जेवण पुरवायचं काम होतं. ऑफिसातली माणसं घरी बसून काम करायला लागली आणि अजितची मोठाली पातेली आमच्या गच्चीवर पालथी पडली. हाताखाली अकरा माणसं. “आई, ह्यांना कसं काढू गं?” म्हणाला. नाहीच काढलं. मग ह्यांच्या मुदत ठेवी मोडत गेल्या, एकेक करून. बाहेरही तेच. कोपऱ्यावरच्या मिष्टीवाल्यानं सिंगाड्यांच्या, म्हणजे इथल्या समोशांच्या, काचेच्या कपाटात सॅनिटायझरच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि साडीवाला मास्क विकत होता. तरी त्यातल्या त्यात आपण बरे, असं म्हणतोय तोवर दुसरी लाट आली आणि ह्यांना घेऊन गेली...

हॉस्पिटलात हो! घाबरू नका. माणूस अजून आहे, आत बसून शब्दकोडं सोडवतोय.

हॉस्पिटल घराजवळचंच, खासगी. नाव घेत नाही, पण त्या लोकांनी शर्थ केली. कॉरिडॉरमध्येसुद्धा खाटा, आणि नर्स कोण, डॉक्टर कोण, काही कळायचं नाही — सगळे पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. बेड मिळायला दोन दिवस लागले. आगाऊ रक्कम भरायची होती. अजितकडे नव्हती, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. मी कुणाला न सांगता टॅक्सी केली, बऊबाजारला गेले आणि लग्नातल्या पाटल्या विकून आले. घरी सांगितलं, “माझं एक खातं होतं.” त्या दिवसापासून मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालायला लागले, भर उन्हाळ्यात.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. ऑक्सिजन खाली जातोय, आणि मुख्य म्हणजे पेशंट खात नाही. तोंडाला चव नाही, सगळं कागदासारखं लागतं म्हणून ताट सारून देतात. असंच चाललं तर अंगात ताकद राहणार नाही, मग आयसीयू, मग नळी. आता आयसीयूचा रोजचा खर्च... माझ्या पाटल्या दोन दिवसांत संपल्या असत्या. थोडक्यात, सगळं त्या माणसाच्या चार घासांवर येऊन ठेपलं होतं.

आजारी माणसाला आपण काय देतो? मऊ भात आणि मेतकूट. बाहेरचं खाणं वॉर्डात न्यायला सक्त मनाई. मी रोज दुपारी तीनला छत्री घेऊन गेटबाहेर उभी राहायची. कपडे, पेपर दिले की ते वर जायचं. एक दिवस मी त्यांच्या पायमोज्यात मेतकुटाची पुडी घातली. (हसू नका. चाळीसेक वर्षं मेतकूट करतेय मी, फिकट पिवळं, एकसारखं भाजलेलं, नाव ठेवायला जागा नाही.) गेटवरच्या दरवानानं मोजा उलटा केला, पुडी माझ्या हातात ठेवली आणि त्या दिवसापासून माझी पिशवी तो शिवणीसकट तपासायला लागला.

दोन दिवसांनी वॉर्डातल्या पियाली सिस्टरचा फोन. तिनं बंगालीत झापलं, मी मराठीत देते.

“मासीमा, तुम्ही परत खाणं पाठवलंत?”

“नाही गं बाई.”

“मग दादूंच्या भातावर ही पिवळी पावडर कसली? जळका वास येतोय.”

“जळका?” आधी तो अपमानच मला झोंबला. “माझ्या घरचं जळकं नसतं हं.”

“दादू म्हणतात, बौ देऊन गेली.”

दादू म्हणजे आजोबा, आमचे हे; बौ म्हणजे बायको. मी इथं गॅलरीत उभी, आणि तिथं आत बौ!

“कुठली बौ? कशी दिसते?”

“मी नाही पाहिली. इथं कोण येणार? पण मासीमा...” तिचा आवाज खाली आला, “दादूंनी भात सगळा खाल्ला. म्हणून जास्त ओरडत नाही.”

खरं तर मी त्या क्षणी देवापुढे साखर ठेवायला हवी होती. त्याऐवजी मी काय केलं असेल? वॉर्डात कोण मराठी बाई आहे याचा विचार करत बसले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दाढी वाढलेली. बघून जीव गलबलला, पण पहिलं वाक्य काय?

“ती आत्ताच गेली,” हे म्हणाले.

“ती कोण?”

“अगं... ती. पिवळी साडी. पायथ्याशी बसते. भात कालवते.”

“वय काय?” हो, हेच विचारलं. मास्क लावलेल्या नवऱ्याला.

“असेल बावीस-तेवीस.”

“दिसायला?”

“छान.” मग खोकला. मग दम खाऊन, “रागीट आहे. गुमान खा म्हणते. मेतकूट करपलेलं असतं, पण... चव लागते गं. फक्त त्याचीच लागते.”

चाळीस वर्षांत माझ्या मेतकुटाला हा माणूस कधी एका शब्दानं बरं म्हणाला नव्हता!

“हातात पाटल्या आहेत तिच्या,” हे म्हणाले. “तुझ्या कुठंयत?”

मी हात झटकन फोनखाली घेतला. “घासायला काढल्यात,” म्हटलं. लांब बाही होती, मनगट दिसत नव्हतं. आणि पाटल्या विकल्याचं मी देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता संशयी बाईचं डोकं कसं चालतं बघा. आमच्या मंडळात एक चित्रा आहे. दर गणपतीत हे तिच्या मोदकांची स्तुती करतात. वयानं साठीची, पण ताप चढलेल्या माणसाला साठीची बाविशीची दिसू शकते, आणि चित्रा केस रंगवते. लावला फोन.

“चित्रा, तू मेतकूट घरी करतेस का गं?”

“अगं, मी वर्षभर पुण्यात अडकलेय लेकीकडे! का गं? मनोहरराव कसे आहेत?”

“खातायत,” मी म्हटलं, “कुणाच्या तरी हातचं.”

तर चित्रा नाही. मग कोण, याचा विचार करून करून मी रात्रीची झोप घालवली, आणि तिकडे हे रोज दुपारी ताट चाटूनपुसून संपवत होते. चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आयसीयूची गरज नाही. पंधराव्या दिवशी माणूस घरी. अजित गेटवर ढसाढसा रडला. मी नाही रडले. मी वॉर्डाच्या खिडक्यांकडे बघत होते, कुणी पिवळ्या साडीतली दिसते का म्हणून.

हॉस्पिटलनं ह्यांच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिल्या होत्या. तेव्हाच्या रीतीप्रमाणे ती पिशवी तीन दिवस गॅलरीत उन्हात पडून राहिली. चौथ्या दिवशी मी गाठ सोडली. चष्मा, कवळी, चार्जर, पेपरची घडी. आणि तळाशी स्टीलची एक लहान डबी.

झाकणाला पोचा. बुडाशी ठोकलेली अक्षरं: ‘सौ. विमल हिस, मावशीकडून.’

विमल म्हणजे मी.

ही डबी मी शेवटची कधी पाहिली होती ते सांगते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. खिदिरपूरला कंपनीच्या दोन खोल्या, तिसरा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली काळ्या पाण्याचा कालवा. तेव्हाची मी म्हणजे एक बारीकशी, नाकावर राग घेऊन हिंडणारी मठ्ठ पोरगी. ह्यांच्या ऑफिसात मिस दत्त नावाची टायपिस्ट होती. मी संध्याकाळी स्टोव्हवर डाळी भाजायला घ्यायची आणि लक्ष सगळं खिडकीबाहेर, हे कुणाबरोबर चालत येतायत तिकडे. कढईतून धूर आला की जागी व्हायची. प्रत्येक वेळी मेतकूट करपायचं. हे बिचारे मुकाट खायचे. आणि ते मुकाट खातात, म्हणजे बाहेर काहीतरी चांगलं खाऊन येत असणार, असा त्या शहाणीचा हिशेब!

एक दिवस हे म्हणाले, “मिस दत्तनी आज खसखशीचा पोस्तो आणला होता. सुरेख होता हं.”

मी मेतकुटाची भरलेली डबी उचलली आणि खिडकीतून फेकली. खाली पाण्यात ‘डुबुक’ झालेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. हे तेव्हा हात धुवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “डबी कुठंय?”

“कावळ्यानं नेली.”

“भरलेली?”

“मोठा कावळा होता.”

त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. आणि मी कुणालाही, अगदी मावशीलाही, खरं सांगितलं नाही.

आता गॅलरीत बसून मी झाकण उघडलं. आत बोटभर मेतकूट. गडद, करपट वासाचं. त्या स्टोव्हचा, त्या खिडकीचा वास. मी तशीच उठले आणि डबी ह्यांच्यासमोर ठेवली.

“ही कुठून आली?” हे बघतच राहिले.

“कावळ्यानं आणून दिली,” मी म्हटलं.

हे इतके हसले की ठसका लागला, अजित पाणी घेऊन धावत आला. तो गेल्यावर डोळे पुसत म्हणाले, “दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी कालव्यात उतरलो होतो. गुडघाभर चिखल. नाही मिळाली.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“डुबुक मलाही ऐकू आलं होतं की.”

“मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?”

“मावशीची डबी. मिळाली असती तर बोललो असतो.”

मग राहवेना. “आणि ती? वॉर्डातली?”

“मला वाटलं, तूच,” हे डबी उलटसुलट करत म्हणाले. “तोंडवळा तुझाच. पण तू इतकी बारीक कधी होतीस, ते काही आठवेना.”

बघा आता! मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला काय बोलणार.

अजितचं म्हणणं, जुनी डबी घरातच कुठंतरी असणार, चुकून कपड्यांबरोबर गेली असेल. मी त्याला त्या दरवानाकडे घेऊन गेले. दरवान म्हणाला, ह्या मासीमांची पिशवी? हिच्यातून सुईसुद्धा गेली नसती. पियाली सिस्टरला विचारलं. तिला डबी शेवटच्या दिवशी उशीखाली सापडली, तिनं यादीत लिहून पिशवीत टाकली, एवढंच. पाटल्यांचं ह्यांना कसं कळलं, याला तर अजितकडेही उत्तर नाही. नात म्हणते, “आज्जी, तू टाइम ट्रॅव्हल केली.” मी कशाला करू? मी गेटबाहेर उभी होते. शंभर माणसांनी पाहिलंय.

ह्यांची चव परत यायला पुढे दोन महिने लागले. तोवर माझ्या हातचं सगळं कागदच. गच्चीवरची पातेली हळूहळू खाली उतरली. अजितनं आधी घरात अडकलेल्या पेशंटांना डबे दिले, मग एक ऑफिस परत मिळालं. अकरातली सात माणसं परत आली. गेल्या दिवाळीत म्हणाला, “आई, तुझ्या पाटल्या करून आणू?” (कळलंच शेवटी त्याला.) मी नको म्हटलं. माझ्या पाटल्या कुठं आहेत ते मला माहीत आहे.

डबी देव्हाऱ्यात आहे. बोटभर मेतकूट अजून तसंच आहे, वाससुद्धा. मध्ये एकदा मी मुद्दाम डाळी करपवल्या, अगदी तशाच, गॅलरीतून बाहेर बघत. ह्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि मान हलवली.

“नाही जमलं. ती मनापासून करपवायची.”

हे कसं झालं, का झालं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहा. पण एक गोष्ट काही केल्या जिरत नाही. पंधरा दिवस रोज भर उन्हात छत्री घेऊन त्या गेटबाहेर उभी राहिले मी, आणि आत सोडलं कुणाला, तर तिला. पाटल्या घालून.