गाठी मारलेल्या वायरी

माझ्या जुन्या मोटारीतल्या वायरींवरचं कापड चुरून गेलं, तेव्हा आगबोटीवर वायरमन राहिलेला एक म्हातारा कामाला आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जळकी वायर तो हुंगून शोधायचा. कानामागची विडी काढायचा, न पेटवताच परत ठेवायचा. मालवणात नवी वायर मिळाली ती सगळी काळी. मग त्याने प्रत्येकीला जाळ्याच्या दोऱ्याने गाठी मारल्या. हॉर्नला एक, मागच्या दिव्याला दोन, पुढच्या दिव्यांना तीन.

"अहो, ही मोटार की मासे धरायचं जाळं?" मी हसलो.

"डॉक्टरांनू, डोळ्यांचो भरवसो नाय. बोटांक दिसाक व्हया," असं म्हणून त्याने डोळे मिटूनच पुढची गाठ मारली.

त्याच पावसाळ्यात एका रोग्याकडे निघालो होतो. आंबोली घाटात भरदुपारी धुकं दाटलं आणि नेमके पुढचे दिवे गेले. बाजूला दरी. मी डॅशबोर्डखाली हात घातला. एक गाठ, दोन गाठी... तीन गाठींची वायर सुटून लोंबत होती.

मागे थांबलेला ट्रकवाला उतरून खिडकीशी आला. "ओ भाऊ, निजलात काय?"

तेव्हा कळलं, माझे डोळे मिटलेले होते.

"नाय रे, बघतंय," मी म्हणालो, वायर जागेवर दाबली आणि दिवे लागले.