मंगलचा विसरलेला डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — कोण जाणे. तोंड उघडलंय, तर बोलून टाकते.

हडपसरला मसाल्याच्या कंपनीत मी पॅकिंगला आहे. कायम नोकरीत. मंगल माझ्याच शेजारी बसायची, पण ती कंत्राटदाराकडून आलेली. काम एकच, मशीन एकच. फरक पाचनंतर पडायचा. जादा थांबलं की आम्हाला दुप्पट दर. आणि कंत्राटातल्या बायकांना? त्यांनी आधी कार्ड पंच करून ‘सुटायचं’, मग मागच्या दाराने येऊन परत कामाला बसायचं. त्या जादा वेळेचे पैसे नाहीत, फक्त एक वडापाव. कंपनीच्या लेखी त्या घरी गेलेल्या! त्यांना पंच करायला पिटाळायचं काम माझं — लाइन लीडर ना मी.

त्या संध्याकाळी मंगल म्हणाली, पोरीला ताप आहे, आज जाऊ दे. मी म्हटलं, एवढा माल निघू दे, मग जा. ती पंच करून आली, बसली. आणि पाकिटं चिकटवणाऱ्या गरम पट्टीखाली तिची बोटं गेली. तो वास — नको, राहू दे.

दोन दिवसांनी चौकशीला सरकारी अधिकारी आले. सुटलेली बाई मशीनवर कशी, असं त्यांनी मलाच विचारलं. खरं सांगितलं असतं, तर तिला भरपाई मिळाली असती. आणि माझी नोकरी? घाबरले म्हणू का? छे, घाबरले कसली — आवाजसुद्धा कापला नाही माझा.

“ती सुटली होती. विसरलेला डबा न्यायला आली आणि उगाच मशीनला हात लावला.”

मंगल समोरच उभी होती, हाताला बँडेज. वाटलं, आता ही बोलणार. पण परत कामावर घेणं माझ्या हातात आहे असं तिला वाटलं असणार. माझ्याकडे बघत ती म्हणाली, “ताई म्हणत्यात तसंच हाय.”

भरपाई मिळाली नाही. कंत्राटदाराने तिला परत घेतलंही नाही. तिची दोन बोटं आता वाकत नाहीत म्हणे. मी बघायला गेले नाही. लाज वाटते — पण तेव्हाही वाटतच होती, आणि तरी गेले नाही.

त्या संध्याकाळचा माझा ओव्हरटाइम मात्र पगारात आला, दुप्पट दराने. त्यात भर घालून मी मिक्सर घेतला. चांगला चालतो. रोज चटणी वाटते मी त्यात.