उभ्या रोलर कोस्टरच्या रांगेतले सरदारजी

बाळांनो, मोहालीच्या पुढे एक पार्क आहे. तिथे परदेशातून जुना रोलर कोस्टर आणून उभा केला आहे. त्यात बसायचं नसतं, उभ्यानेच फिरायचं. परवा तो पाहायला मी गेले होते.

रांगेत माझ्यापुढे एक वयस्क सरदारजी होते, सून आणि छोट्या नातीबरोबर. कोस्टरच्या खांबावरच्या लाल रंगाचा पोपडा उडाला होता. खालून दिसणारा निळा रंग ते अंगठ्याने हलकेच चोळत होते.

"पहले जापान में था जी," ते मला म्हणाले. "फिर दुबई, हमारे पार्क में. वहाँ बंद हुआ, तो खोलकर बेच दिया."

नात ऐटीत म्हणाली, "आंटी जी, इसको दादाजी चलाते थे."

सरकारी वसाहतींत आयुष्य गेलेल्या आम्हा लोकांना नव्या माणसाची पोस्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. मी विचारलं, "आप किस पोस्ट पर थे?"

त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं.

"सफाई में, जी. लोगों को उल्टी होती थी, वो धोता था."

सुनेने फोनमध्ये डोकं घातलं. नातीने त्यांचा हात हलवला. "फिर चलाता कौन था?"

मी सुरू केलंय तर आता मीच सावरावं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये चष्मा शोधू लागले. तो माझ्या डोळ्यांवरच होता, आणि ते त्यांना दिसत होतं.