सुताराच्या सासूचं तिसरं मरण

माझ्या आत्याला घरात सगळे हळूबाई म्हणतात. एका मोठ्या हॉस्पिटलात फोनच्या बोर्डावर बसून तिने सगळी नोकरी काढली. पलीकडचा माणूस कितीही भडकलेला असो, ही आपली लोण्यासारख्या आवाजात "एक मिनिट हं" म्हणायची. रिटायर झाल्यावर तिने आयुष्यातली पहिली चैन करायची ठरवली: स्वयंपाकघरात नवी कपाटं.

सुतार आला तो टेप मिरवतच. त्याने ओटा मोजला, भिंत मोजली, शेवटी आत्याचीही उंची मोजली. "ताई, तुम्हाला डब्यासाठी टाचा उंचवायला लागणार नाहीत," म्हणाला. तिथेच आत्या विरघळली. अर्धे पैसे आगाऊ, तेही बँकेतून, "म्हणजे व्यवहार कसा स्वच्छ," असं तोच म्हणाला. तिने पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने जुनी कपाटं उखडून नेली, आणि त्यांच्यामागोमाग स्वतःही गेला. घरात अर्ध्या पलंगावर डबे आणि अर्ध्यावर आत्या, अशी वाटणी झाली.

सुतार फोन मात्र उचलायचा. पहिल्यांदा त्याची सासू वारली. आत्याला फार वाईट वाटलं. महिनाभर तिने फोनच केला नाही. केला, तेव्हा प्लायवूड ओलं निघालं होतं. मग पुन्हा सासू वारली, या वेळी किडनीने. आत्या म्हणाली, "असेल बाई, चुलत सासू असेल." तिसऱ्यांदा वारली, तेव्हा मात्र माझ्या बाबांनी विचारलं, "एका माणसाने किती सासवा ठेवाव्यात याला काही कायदा?"

बाबांचा सल्ला होता, पैसे परत माग. आत्याने ते एकदा फोनवर मागितलेही, पण इतक्या हळू, की सुताराला ते ऐकूच आलं नाही.

मग ती बँकेत गेली. काचेमागच्या मुलीने विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवले?"

"हो."

"ज्याला पाठवायचे त्यालाच मिळाले?"

"हो, त्यालाच."

"मग आमचं काम चोख झालं की, मॅडम!" असं म्हणून तिने सेवेबद्दल अभिप्राय मागितला. आत्याने 'उत्तम' दिला. मुलीचा आवाज गोड होता म्हणे.

पोलीस चौकीत हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. "पळून गेलाय का?"

"नाही, फोन उचलतो."

"फोन उचलतो? मग सज्जन आहे हो. आमचे तर उचलत नाहीत." हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा, असं सांगून त्याने तिला पाणी पाजलं.

कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा सुताराची चढावी, असं आत्याच्या मनाने घेतलं. त्याचा कारखाना बंद होता. शेजारच्या किल्लीवाल्याने घराचा पत्ता दिला. जाताना तिने पांढरी फुलं घेतली. बाबांनी कपाळावर हात मारला, पण आत्या म्हणाली, "पैसे आपले आहेत, पण मरण त्यांच्या घरचं आहे. दोन शब्द बोलायला नकोत?" आणि ती एकटीच गेली.

दार एका ठणठणीत म्हातारीने उघडलं. हातात मटारची टोपली.

"सुतारांच्या सासूबाई गेल्याचं कळलं. फार वाईट झालं," आत्या म्हणाली.

म्हातारीने फुलांकडे पाहिलं. "त्याची सासू मीच. कधी गेले मी?"

आत्याला खोटं बोलायची सवय नाही. "तीनदा गेलात. आधी हार्टने, मग किडनीने. तिसऱ्यांदा विचारायचं माझ्या जिवावर आलं."

"बसा," म्हातारी म्हणाली, आणि सगळं ऐकेपर्यंत एकही मटार सोलला नाही. घर तिच्या नावावर होतं, कारखान्याची मशिनंही तिच्या पैशाची. तिने फोन लावला. "जावईबापू, घरी या. मला भेटायला माणसं आलीत."

सुतार आला. कोचावर आत्या, टेबलावर फुलं, आणि समोर सासू. त्याच्या चेहऱ्याचा भुसा झाला.

"ताई, मी उद्या तुमच्याकडेच येणार होतो…"

"माझ्या दिवसांना?" सासूने विचारलं. "मोबाईल काढा."

"बँकेचा सर्व्हर बंद आहे, आई."

"उठेल तो. मी तीनदा उठले."

सर्व्हर ताबडतोब उठला. पैसे पाठवता पाठवता सुतार पुटपुटला, जुनी कपाटं काढायची मजुरी तरी… सासूने तोंड उघडायच्या आतच आत्या म्हणाली, "हो हो, ती कापून घ्या, मेहनत केलीत तुम्ही." म्हातारीने कपाळ बडवून घेतलं. मजुरी वजा करून उरलेली सगळी रक्कम मात्र तिथल्या तिथे आत्याच्या खात्यात जमा झाली.

पुढचा सुतार आला, त्यानेही आगाऊ रक्कम मागितली. आत्या त्याच लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "आधी कपाट, मग पैसे." तो गेला. आणखी एक आला, तोही गेला. तिसरा राहिला. त्याने एकेक कपाट लावलं आणि एकेकाचे पैसे घेतले. एक दार किंचित तिरकं आहे, पण आत्याला ते सांगायचा संकोच वाटतो.

हल्ली पाहुणे आले की बाबा त्यांना स्वयंपाकघर दाखवतात. "असल्या लोकांना आवाज चढवल्याशिवाय कळत नाही," ते म्हणतात. "आम्ही बरोबर वसूल केले."

आत्या चहा गाळत असते. "दादाने फार धावपळ केली हो," ती म्हणते.